माळरानावरची पिवळी आगगाडी: हा फोटो नेमका कुठे काढला असेल?

माळावरची (धागाकर्ती)

वडिलांच्या मागे राहिलेल्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात ऐंशीएक रंगीत स्लाइड होत्या. वडील तरुणपणी शिक्षणासाठी दोन वर्षे अमेरिकेत होते, त्या काळातील हे फोटो आहेत. बहुतेकांत माणसे किंवा इमारती असल्यामुळे त्यांचा उलगडा झाला. एक मात्र काही केल्या सुटत नाही.

फोटोत चहूकडे वाळलेले गवत आहे. मधोमध मातीचा बराच उंच भराव असून त्यावरून पिवळ्या इंजिनांची एक लांबलचक मालगाडी डावीकडे चालली आहे. रुळांची एकच जोडी दिसते आणि त्याखालची खडी गुलाबीसर आहे. अगदी पुढे तारेच्या कुंपणाचा एक लाकडी खांब आहे आणि त्याची सावली डावीकडे पडली आहे. क्षितिजावर निळसर डोंगर असून त्यांच्या माथ्यावर पांढरे ठिपके आहेत. गाव, पाटी, झाड, माणूस यांपैकी काहीही नाही. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर ‘ऑगस्ट ७०’ असा छाप आणि १७ हा क्रमांक आहे. एवढ्या सामग्रीवर जागा ओळखता येते का, हे जाणकारांनी सांगावे. स्कॅन सोबत जोडले आहे.

निवृत्त_सिग्नलवाला

डोंगर बाजूला ठेवून प्रथम इंजिनाकडे पाहावे. पिवळा रंग, वर करडे छप्पर आणि मध्ये लाल पट्टी ही युनियन पॅसिफिकची ओळख आहे. त्यावरून शोध निम्म्या पश्चिम अमेरिकेपर्यंतच आटोक्यात येतो, पण सुरुवात म्हणून ते पुरे. आता पुढच्या इंजिनाची चाके मोजून सांगाल का? एका बाजूला, एका सांगाड्याखाली किती चाके दिसतात, तेवढेच हवे आहे.

माळावरची

भिंगातून पाहिले. पुढे चार चाके, मग मोठी टाकी, मग पुन्हा चार चाके. मागच्या इंजिनाला मात्र तीन-तीन दिसतात.

निवृत्त_सिग्नलवाला

मग पुढचे इंजिन ‘सेंटेनियल’, म्हणजे डीडीए४०एक्स असण्याचा दाट संभव आहे. १८६९ साली युटातील प्रॉमोंटरी येथे पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला, त्याच्या शताब्दीचे औचित्य साधून युनियन पॅसिफिकने १९६९ ते १९७१ या काळात अशी ४७ इंजिने घेतली. त्यांचे क्रमांक ६९०० ते ६९४६ असे होते. प्रत्येकात दोन डिझेल यंत्रे मिळून ६,६०० अश्वशक्ती होती आणि लांबी ९८ फुटांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे ३० मीटर होती. याचा अर्थ फोटो १९६९ च्या आधीचा असूच शकत नाही आणि पुठ्ठ्यावरचा छाप या गोष्टीशी जुळतो. मात्र तो छाप फिल्म धुतल्याच्या महिन्याचा असतो. फोटो त्याच महिन्यात काढला असेल असे नाही. कित्येक जण एकच रोल चार-सहा महिने कॅमेऱ्यात ठेवत.

या ३० मीटरचा आणखी एक उपयोग आहे. वडिलांच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची नेहमीची लेन्स असेल आणि ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत इंजिनाने सुमारे ३.६ मिलिमीटर जागा व्यापली असेल, तर गाडी कॅमेऱ्यापासून सुमारे ४०० मीटरवर होती. एकदा अंतर कळले की भरावाची उंचीही काढता येते.

गोदाकाठचा

खडीच्या गुलाबी रंगावर एक शंका आहे. त्या काळातील पुष्कळ फिल्म जुन्या होताना लालसर पडतात. आमच्या घरच्या लग्नाच्या स्लाइडमध्ये आता सगळी वऱ्हाडी मंडळी जांभळी दिसतात. खडी खरोखरच गुलाबी आहे, की फिल्म उतरली आहे?

माळावरची

पुठ्ठ्यावर कोडाक्रोम असे छापलेले आहे. आकाश स्वच्छ निळे आहे आणि ढग पांढरेच आहेत.

डोंगरपायथा

कोडाक्रोम अंधारात ठेवली तर पन्नास वर्षांनीही फारशी बदलत नाही, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मी गेली अठरा वर्षे कोलोरॅडोत राहतो आणि ही खडी पाहताच मला वायोमिंगमधील शर्मन टेकडी आठवली. शायान आणि लॅरमी या दोन गावांच्या मध्ये सुमारे १.४ अब्ज वर्षांपूर्वीचा गुलाबी ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे आणि त्याचीच खडी युनियन पॅसिफिक वर्षानुवर्षे वापरत आली. परंतु ही खडी गाडीने वाहून दूरवर, नेब्रास्कापर्यंत टाकली जात असे. त्यामुळे गुलाबी खडी दिसली की शर्मनच, असे म्हणता येणार नाही.

धागाकर्तींना एक प्रश्न. वडील अमेरिकेत नेमके कोठे शिकत होते? उघड्या माळावरचा फोटो ओळखताना फोटोच्या आधी फोटो काढणाऱ्याची चौकशी करावी, असा माझा अनुभव आहे.

माळावरची

हे मी आधीच सांगायला हवे होते. ते कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे जलसिंचनाचे शिक्षण घेत होते. त्यांची खर्चाची वहीसुद्धा सापडली आहे, कारण शिष्यवृत्तीतला प्रत्येक सेंट लिहून ठेवण्याची त्यांना सवय होती. आपल्या प्रश्नानंतर १९७० च्या ऑगस्टची पाने उलटली. शनिवार, १५ ऑगस्ट या दिवशी बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘पेट्रोल, शायान, २.८५. चौघांत वाटणी.’

डोंगरपायथा

या एका ओळीने निम्मे काम केले. फोर्ट कॉलिन्सहून शायान उत्तरेला साधारण ४५ मैलांवर आहे. सुटीच्या शनिवारी चार विद्यार्थी गाडी काढून तिकडे गेले असतील, तर शर्मन टेकडीचा तर्क बराच भक्कम होतो. त्याच रोलमधल्या १७ च्या पुढच्या-मागच्या स्लाइड पाहाव्यात.

माळावरची

१६ आणि १८ मध्ये मित्रांचे चेहरे आहेत. २१ मध्ये ओसाड टेकाडावर दगडी बांधणीचा एक पिरॅमिड आहे. आजवर आम्ही तो मेक्सिकोचा समजत होतो!

डोंगरपायथा

तो एम्स स्मारकाचा पिरॅमिड असणार. ओक्स आणि ऑलिव्हर एम्स या बंधूंनी युनियन पॅसिफिकला पैसा उभा करून दिला. त्यांच्या स्मरणार्थ कंपनीने १८८० ते १८८२ या काळात, त्या वेळच्या मार्गाच्या सर्वांत उंच ठिकाणाजवळ, साठ फुटी ग्रॅनाइटचा हा पिरॅमिड बांधला. त्याचा आराखडा वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांचा होता. १९०१ मध्ये मार्ग दक्षिणेला सरकवला गेला आणि रुळांशेजारचे शर्मन गाव ओस पडले; आता पिरॅमिड तेवढा एकटा उभा आहे. म्हणजे १७ क्रमांकाची गाडी शायानमध्ये पेट्रोल भरल्यानंतर आणि एम्स स्मारकाच्या आधी टिपलेली असावी. मंडळी पूर्वेकडून पश्चिमेकडे चालली होती.

सावलीचा_काटा

आता माझा विषय आला. कुंपणाच्या खांबाची सावली जवळजवळ आडवी, डावीकडे पडली आहे आणि मी मोजली तर ती खांबाच्या उंचीइतकीच भरते. म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर होता.

येथे आपल्या सवयीचा एक धोका आहे. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. शायान ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे शून्य सावली कधीच येत नाही आणि भर दुपारची सावली वर्षभर उत्तरेलाच पडते. १५ ऑगस्टला तेथे माध्यान्हीचा सूर्य सुमारे ६३ अंशांवर असतो. तो ४५ अंशांवर येतो माध्यान्हीच्या पावणेतीन तास आधी किंवा तेवढाच वेळ नंतर, आणि त्या क्षणी तो दक्षिणेपासून सुमारे ६५ अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला असतो.

सकाळ धरली तर सावली पश्चिम-वायव्येला पडणार. ती चित्रात डावीकडे असल्यामुळे कॅमेऱ्याचे तोंड उत्तर-ईशान्येकडे असले पाहिजे. दुपार धरली तर कॅमेरा दक्षिण-आग्नेयेकडे वळलेला असला पाहिजे. आकाशात फुगलेले पांढरे ढग आहेत आणि तिकडे उन्हाळ्यात असे ढग दुपारकडे वाढतात, म्हणून माझे मत दुपारच्या बाजूने, म्हणजे दक्षिण-आग्नेयेच्या बाजूने आहे.

डोंगरपायथा

गणिताबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, पण शर्मन टेकडीवर उभे राहून दक्षिण-आग्नेयेकडे पाहिले तर जमीन उतरत मैदानाला मिळते. त्या दिशेला पांढऱ्या माथ्याचे डोंगर नाहीत. उत्तर-ईशान्येलाही नाहीत. ऑगस्टमध्ये बर्फाचे ठिपके उरतील इतके उंच डोंगर तेथून दिसतात ते दक्षिण-नैर्ऋत्येला, कोलोरॅडोत. त्यांत १४,२५९ फुटांचा लाँग्ज पीक आणि त्याच्या अलीकडची ममी रांग येते. पश्चिमेला मेडिसिन बो रांग आहे, पण सावलीच्या हिशेबात पश्चिम दिशाही बसत नाही.

गोदाकाठचा

मग शर्मनचा तर्क सोडावा लागेल असे दिसते. युटातील एको कॅन्यन का नसेल? तेथूनही युनियन पॅसिफिक जाते.

निवृत्त_सिग्नलवाला

एको कॅन्यनमध्ये तांबड्या कड्यांच्या भिंती आहेत आणि रस्ता व रूळ अगदी जवळून जातात. येथे तर मैल-मैल मोकळे आहे. शिवाय खर्चाची वही, पिरॅमिड आणि खडी या तिन्ही गोष्टी एका बाजूला असताना केवळ सावलीसाठी त्या सोडून देणे मला पटत नाही. पुरावे असे एकमेकांशी भांडू लागले की मी आधी एकच प्रश्न विचारतो. धागाकर्तींनी स्लाइड स्कॅनरवर कोणत्या बाजूने ठेवली होती?

माळावरची

कोणत्या बाजूने म्हणजे? ती दोन्ही बाजूंनी सारखीच तर दिसते.

निवृत्त_सिग्नलवाला

तेथेच घोळ होतो. स्लाइड पारदर्शक असल्यामुळे उलटी ठेवली तरी चित्र उमटतेच, फक्त आरशातल्यासारखे डावे-उजवे बदलते. घरात किंवा रस्त्यावर काढलेल्या फोटोत पाटी असते, ती उलटी वाचली की चूक लगेच पकडली जाते. ओसाड माळावरच्या फोटोला उलटे-सुलटे नसते. कोडाक्रोमची एक बाजू गुळगुळीत चकाकते. दुसऱ्या बाजूवर, दिव्याखाली तिरपी धरली तर, चित्राच्या रेषा किंचित उठावाच्या दिसतात. चकाकणारी बाजू आपल्याकडे हवी. आणि इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक भिंगातून वाचून पाहावा.

माळावरची

आत्ताच ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. आपले म्हणणे खरे निघाले, मी ती उलटी ठेवली होती. दहापट भिंगातून इंजिनाच्या खिडकीखाली ६, ९ आणि १ हे आकडे सुलटे वाचता आले. चौथा आकडा एका ओरखड्याखाली गेला आहे. आता गाडी उजवीकडे चालली आहे आणि सावलीही उजवीकडे पडते. नवे स्कॅन जोडले आहे. माझ्यामुळे सर्वांचे दोन दिवस गेले, याबद्दल दिलगीर आहे.

सावलीचा_काटा

दिलगिरीचे कारण नाही. उलट, चुकीच्या चित्रावरही गणिताने ‘हे जमत नाही’ असे सांगितले, याचा मला आनंदच आहे. नवा हिशेब असा: सावली उजवीकडे असेल तर सकाळी कॅमेऱ्याचे तोंड दक्षिण-नैर्ऋत्येकडे आणि दुपारी उत्तर-वायव्येकडे. डोंगर फक्त पहिल्या दिशेला आहेत. म्हणजे वेळ सकाळची, आणि तिकडच्या उन्हाळी वेळेप्रमाणे घड्याळात सव्वादहाचा सुमार. ढगांवरून काढलेला दुपारचा अंदाज मी मागे घेतो. उंच डोंगरांच्या बाजूला ढग सकाळीच उठू लागतात, हे मी विसरलो होतो.

डोंगरपायथा

आता सगळे जागेवर बसते. दक्षिण-नैर्ऋत्येकडे पाहताना उजवा हात पश्चिम-वायव्येला येतो, म्हणजे गाडी पश्चिमेकडे, शर्मन टेकडी चढत होती. डोंगरांत डावीकडे सपाट माथ्याचा लाँग्ज पीक आणि उजवीकडे ममी रांग, असाच क्रम हवा आणि नव्या स्कॅनमध्ये तो तसाच आहे. आधीच्या स्कॅनमध्ये तो उलटा होता, म्हणूनच रोज पाहतो ते डोंगर मला ओळखू आले नाहीत.

रुळांची एकच जोडी, हा आता फार महत्त्वाचा धागा ठरतो. टेकडीवरचा जुना मार्ग दुहेरी आहे आणि त्याचा चढ १.५५ टक्क्यांपर्यंत जातो. जड गाड्यांना तो फार भारी पडत असे. म्हणून १९५३ मध्ये दक्षिणेकडून, हॅरिमन या ठिकाणावरून, सुमारे ४२ मैलांचा तिसरा रूळ टाकण्यात आला. त्याचा चढ ०.८२ टक्क्यांच्या वर जात नाही. चढ इतका सौम्य ठेवायचा तर दऱ्यांवर मोठे भराव घालावे लागतात आणि टेकाडे खोदावी लागतात. वडिलांच्या फोटोतला भराव पाहा: इंजिनाच्या उंचीच्या निदान चौपट आहे. असा उंच, एकेरी भराव आणि त्यावरून पश्चिमेला चढणारी जड मालगाडी, हे वर्णन त्या तिसऱ्या रुळाचेच आहे.

गोदाकाठचा

एक बाळबोध प्रश्न. गाडी कोणत्या दिशेची हे ठरवताना आपण डावा-उजवा रूळ का पाहिला नाही? आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाडी डावीकडून जाते, हे पाहून मी कित्येक जुने फोटो लावले आहेत.

निवृत्त_सिग्नलवाला

ती खूण तिकडे नेऊ नये. अमेरिकेत दुहेरी मार्गावर गाड्या साधारणपणे उजवीकडून धावतात. अपवादही आहेत, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न ही कंपनी डावीकडून चालवत असे. येथे तर एकच रूळ आहे, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. आपल्या भारतीय सवयीची आणखी एक गोष्ट म्हणजे विजेच्या खांबावरचा आकडा. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आपल्याला किलोमीटर आणि खांब क्रमांक एकत्र मिळतो आणि काम संपते. तिकडे सिग्नलच्या खांबावर मैलाचा क्रमांक असतो, पण ४०० मीटरवरून तो या स्लाइडमध्ये वाचता येणार नाही.

जुन्या_काचा

धागा शांतपणे वाचत होतो, राहवले नाही म्हणून लिहितो. याच टेकडीवर १८६८ मध्ये अँड्र्यू रसेल यांनी युनियन पॅसिफिकसाठी काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो काढले. त्यांच्या डेल क्रीक पुलाच्या चित्रांची जागा कोणीही ओळखू शकतो. पूल आणि रूळ केव्हाच गेले तरी दगडी आधार आणि खडकातील खोदाई अजून तेथे आहे. मैदानात रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या चित्रांचे तसे नाही. तेथे जमिनीला चेहराच नसल्यामुळे फोटोखालच्या ओळीवरच विसंबावे लागते.

नेमकी जागा हवी असेल तर छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एकोणिसाव्या शतकातील पाहणी-छायाचित्रांच्या जागा पुन्हा गाठताना वापरलेली रीत उपयोगी पडेल. जवळची एक वस्तू आणि दूरची एक वस्तू निवडून, फोटोत त्या जशा एकमेकींशी जुळतात तशा दिसेपर्यंत स्वतः सरकत राहायचे. एक किलोमीटरवरचे टेकाड आणि नव्वद किलोमीटरवरचे शिखर घेतले, तर आपण वीस मीटर बाजूला झाल्यावर टेकाड एक अंशाहून अधिक सरकते आणि शिखर जवळजवळ जागचे हलत नाही.

डोंगरपायथा

हे घरबसल्याही थोडे करता येते. नकाशावर मोजले तर हॅरिमनच्या परिसरातून लाँग्ज पीक आणि ममी रांगेचा सर्वोच्च माथा यांत साधारण आठ ते दहा अंशांचे अंतर पडते. पश्चिमेला लॅरमीकडे सरकत गेले की ते कमी होत जाते आणि रांग शिखराच्या पुढ्यात येऊ लागते. ५० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट सुमारे ४० अंशांची असते. धागाकर्तींच्या स्लाइडमध्ये दोन माथ्यांमधील अंतर चौकटीच्या पाव रुंदीहून किंचित कमी आहे. म्हणजे जागा हॅरिमनच्या आसपास, लॅरमीच्या बाजूला नाही. येत्या शनिवारी आकाश स्वच्छ असेल तर मी जाऊन येतो.

डोंगरपायथा

जाऊन आलो. बरीचशी जमीन खासगी गुरचराईची असल्यामुळे सार्वजनिक रस्ता सोडला नाही, पण वडिलांनीही सोडला नसावा, कारण कुंपण चित्रात त्यांच्या पुढे आहे. रस्त्यावरून भराव दिसतो अशा तीन जागा मिळाल्या. पहिल्या दोन ठिकाणी लाँग्ज पीक भरावाच्या फार डावीकडे जातो. तिसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरून चालत राहिलो आणि भरावामागचा कातळाचा उंचवटा शिखराच्या बरोबर खाली आला तेव्हा थांबलो. तेथून भराव, उंचवटा आणि ममी रांगेतील खाच ही तिन्ही फोटोतल्याप्रमाणे लागतात.

काही गोष्टी बदलल्या आहेत. रुळाच्या कडेने जाणारे तारांचे खांब गेले आहेत, सिग्नल नवे आहेत आणि कुंपणाला लाकडाऐवजी लोखंडी खांब आले आहेत. खडी अजून गुलाबी आहे. अर्धा तास थांबल्यावर पश्चिमेकडे जाणारी एक मालगाडी आली, तिचा फोटो जोडला आहे. माझ्या फोटोतली सावली वेगळ्या कोनात आहे, कारण पोहोचायला साडेअकरा झाले.

सावलीचा_काटा

सावलीची लांबी आणि तारीख पाहता साडेअकरा बरोबर आहेत. तपासून पाहिले!

माळावरची

दोन्ही फोटो शेजारी ठेवून आईला दाखवले. तिने डोंगरांकडे नीट पाहिलेही नाही. चौघांत वाटणी झालेले ते चौथे कोण, एवढेच विचारले आणि वही मागून घेतली.

स्लाइडच्या पुठ्ठ्यावर मी आता पेन्सिलीने लिहिले आहे: ‘१५ ऑगस्ट १९७०, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, शर्मन टेकडी, तिसरा रूळ, हॅरिमनजवळ, वायोमिंग. कॅमेरा दक्षिण-नैर्ऋत्येकडे.’ आणि सुलटी धरल्यावर डावीकडे खाली येईल अशा कोपऱ्यात एक ठिपका काढला आहे. आता उरलेल्या ऐंशी स्लाइड दिव्याखाली तिरप्या धरून एकेक तपासते आहे. आतापर्यंत अकरा उलट्या निघाल्या.